झोपेचं सोंग

डोंबिवलीकर उभ्याउभ्या, एका हाताने कडी धरून, दिव्यापासून डुलकी काढतो आणि ठाण्याला बरोबर जागा होतो. त्याच्या पोटाशी धरलेल्या सॅकमधल्या लॅपटॉपला मात्र हे जमत नाही. ऑफिसात हायबरनेट करून झाकण लावलेलं. संध्याकाळी डोंबिवली येईस्तोवर सॅक तव्यासारखी तापलेली आणि बॅटरी गार. चौथ्या सीटवरच्या काकांचा सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारा!"

खरं तर हायबरनेटचा व्यवहार साधा आहे. रॅममधला सगळा संसार डिस्कवर हायबरफिल डॉट सिस या फाइलीत उतरवायचा आणि वीज तोडायची. पण नव्या यंत्रांत 'मॉडर्न स्टँडबाय' आलं, म्हणजे डोळे मिटून मेल वाचणं. विंडोजमध्ये तर हायबरनेट बहुधा मेनूत दिसतही नाही. कंट्रोल पॅनेलच्या बोळातून शोधून आणावं लागतं.

झोपमोड कोणी केली याची चौकशी होते. कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, लास्टवेक असं लिहायचं. कधी माउस सापडतो, कधी नेटवर्क कार्ड. आणि कधी, कुठल्याही चौकशी समितीला शोभेल असा अहवाल येतो: 'अननोन'. सापडलेल्या आरोपीचा उठवण्याचा हक्क डिव्हाइस मॅनेजरमध्ये काढून घ्यावा, वेक टायमर बंद करावेत.

एवढं करूनही कंटाळलेले लोक सरळ शटडाउन करतात. तिथे 2012च्या विंडोज 8पासून 'फास्ट स्टार्टअप' बसलेलं आहे. ते चालू असलं की शटडाउन करताना कर्नल गुपचूप हायबरनेट होतो. न मागता, आणि बिनचूक.