क्यूचं गाव

दोन यंत्रांतल्या फाइली एकसारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंगसाठी ब्राउझरमध्ये छान पान आहे, त्यावर बटणं आहेत. पण बटण कोणीही दाबतं. मी साताऱ्यात बसून काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा सोडतो आणि तिकडे सांगलीत, बाबांच्या शोकेसमध्ये कपबशांशेजारी ठेवलेला, बॅटरी मेलेला लॅपटॉप ती निमूट पाळतो. तेवढा वेळ मी अजिंक्यताऱ्याचा किल्लेदार असतो. बायको चहा ठेवते आणि काही न विचारता जाते. हा आदर आहे, अशी माझी समजूत आहे.

किल्लेदारीचा हिशेब मात्र कामवालीचा. ‘सिस्टीमसीटीएल स्टॉप’ ही आज्ञा म्हणजे बाई, आज पुरे. यंत्र पुन्हा सुरू झालं की बाई हजर. ‘डिसेबल’ म्हणजे पुढच्या खेपेपासून येऊ नका, पण आजची भांडी घासून जा. ‘मास्क’ म्हणजे दुसऱ्या कोणी बोलावलं तरी फाटकातून आत सोडायचं नाही. स्टॉप आणि डिसेबलमधला फरक कळायला मला दोन महिने लागले. तोवर मी चारचौघांत ‘डिसेबल केलंय’ म्हणून सांगत होतो आणि सिंकथिंग पडद्यामागे मजेत चालू होतं.

हे सगळं कॅसेटींपायी. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45. गावभागातल्या आमच्या घरात बाबांच्या नाट्यसंगीताच्या दोन पेट्या चिखलात गेल्या. वाचल्या तेवढ्या कॅसेटींच्या फाइली केल्या आणि एक प्रत साताऱ्याला ठेवायची ठरवली. सिंकथिंगमध्ये फाइली साठवणारा तिसरा कोणी नसतो, दोन्ही यंत्रं बरोबरीची. अट एकच, दोघंही एका वेळी जागी हवीत.

आणि एकमेकांची ओळख हवी. प्रत्येक यंत्राची ओळख म्हणजे 56 अक्षरं, सात-सातांचे आठ गट. ती मेलवर पाठवता येते. बाबांनी ती फोनवर वाचून दाखवली.

“एम मिरजेचा. टी तासगावचा. जे जतचा. के कडेगावचा.”

“के कराडचा म्हणा की,” मी म्हणालो. नोकरीनं का होईना, सातारकर झालोय.

“घरचे दोन के आहेत. कडेगाव आणि कवठेमहांकाळ. कराडला कशाला जाऊ?”

1960पर्यंत त्यांच्या जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं, हे मी अशा वेळी काढत नाही. पी पलूसचा झाला, व्ही विट्याचा झाला, एस शिराळ्याचा झाला. आकडे मध्ये आले की बाबांचा विरस व्हायचा, आकड्याला गाव नसतं. ए आटपाडीचा आला तेव्हा तिथल्या डाळिंबांवर पाच मिनिटं गेली. सहाव्या गटात बाबा एकदम गप्प झाले.

“काय झालं?”

“क्यू आलाय. क्यूचं गाव नाही आपल्याकडं. तुझ्या साताऱ्यात बघ.”

मी वाई, खटाव, माण, फलटण, पाटण, जावळी करत महाबळेश्वरापर्यंत चढलो. नाही. दोन्ही जिल्हे पहिल्यांदाच बरोबरीला आले. शेवटी तो क्यू ‘रेशनच्या रांगेचा’ ठरला.

रात्री नऊला बाबा लॅपटॉपचं भिंतीवरचं बटण बंद करतात. स्टॉप नाही, डिसेबल नाही, खट्. बिल येतं म्हणे. माझी आज्ञा अर्धी टाइप झालेली असते आणि समोर सांगलीच नसते. यावरून मी पुष्कळ चिडलोय. सेवा अशी मारायची नसते, तिला आवराआवर करायला वेळ द्यायचा असतो, असं व्याख्यानही दिलंय.

सकाळी सहाला उठले की ते पुन्हा बटण लावतात. मी अंथरुणातूनच ‘सिंकथिंग सीएलआय शो कनेक्शन्स’ मारतो. सांगली दिसली की चहा.

परवा सात वाजले तरी दिसेना. मी इकडची सेवा रीस्टार्ट केली. स्टेटस पाहिलं, हिरवं, ठणठणीत. लॉग उपसला. पुन्हा रीस्टार्ट केली. बोटं चुकायला लागली. साडेसातला मुकाट्यानं फोन लावला.

“लाइट नाही रे पहाटेपासून,” बाबा म्हणाले. मग जरा थांबून, “रोज बघतोस होय, मी उठलो का ते?”

“नाही हो. कॅसेटी आल्या का बघतो.”

“कॅसेटी तर पाडव्यालाच संपल्या की.”

दुसऱ्या दिवसापासून सांगली साडेपाचलाच दिसायला लागली.