रिव्ह्यूवाले नाना

तुमच्या गावातही एक असणारच. आमच्या भोंगवलीत नाना आहेत. एक हात उभा, त्यावर दुसरा आडवा; क्रिकेटमधली रिव्ह्यूची ही खूण ते झोपेतही करत असतील. डेअरीवर म्हशीच्या दुधाला फॅट सहा लागली की हात वर: "सातच्या खाली नाय, मशीन परत लाव." एसटीत सुट्टे पैसे कमी मिळाले, हात वर. सुनेचा चहा अगोड लागला, कप खाली, हात वर. एका लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाला घड्याळ बघून त्यांनी हात वर केले, तेव्हा मुलीच्या बापाचा जीव टांगणीला लागला. हरकत मुहूर्ताला होती, नवरदेवाला नव्हती. पण सांगावं ना आधी!

रिव्ह्यू मागायला खेळाडूला 15 सेकंद मिळतात. नाना दहा वर्षांपूर्वीच्या ग्रामसभेचा ठराव आज मागतात.

हे वेड पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमचं. फेब्रुवारी 2017, तिथली पहिलीच कसोटी, नाना स्टँडात. ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्याला जिंकायला 441 हवे होते. सलामीवीर मुरली विजय पायचीत, रिव्ह्यू वाया. राहुल पायचीत, तोही वाया. तेव्हा पहिल्या 80 षटकांत दोनच मिळायचे. त्यांच्या ओकीफनं पहिल्या डावासारख्याच 35 धावांत सहा जणांना गुंडाळलं, आपण 107 वर आटोपलो, सामना तिसऱ्याच दिवशी संपला. हरल्याचं नानांना काही नाही. "पहिल्या सहा षटकांत दोन्ही रिव्ह्यू उधळले! घरात म्हातारी माणसं नव्हती का सांगायला?" 2024 मध्ये तिथंच न्यूझीलंडच्या सँटनरनं 13 बळी घेतले, तेव्हा म्हणाले, "ह्यात रिव्ह्यू काय करणार?"

असा माणूस शेजारी नको वाटतो. पण गेल्या उन्हाळ्यात भावकीच्या जमिनीची मोजणी झाली. खुणा नानांच्या वावरात हातभर आत आल्या. सगळा गाव नानांच्या हातांकडं बघत होता. धाकटा भाऊ तर आधीच भांडायच्या तयारीनं, बाह्या सारून उभा. नाना हात पाठीमागं बांधून बांधावरून चालत गेले, मोजणीदाराला पाणी विचारलं.

संध्याकाळी पारावर पोरांनी छेडलंच. "नाना, आज रिव्ह्यू न्हाय?"

"अंपायर्स कॉल हाय तो, थोडक्यातलं असलं की अंपायरचंच खरं. आन् त्यात आपला रिव्ह्यू जात न्हाय, नियम वाच जरा," म्हणाले, आणि पानवाल्यानं चुना जास्त लावला म्हणून दोन्ही हात वर केले.