प्लॉटवाले भाऊ

यवतमाळात प्लॉट विकणारा माणूस आपण प्लॉट विकतो असं कधीच सांगत नाही. तो शाळेत मास्तर असतो, विम्याचं काम करतो, सरकी-ढेपेचं दुकान चालवतो, नाहीतर जिनिंगवर कापसाची दलाली करता करता एका मंदीच्या साली जमिनीकडे वळलेला असतो. प्लॉटचं काम तो फक्त ‘ओळखीत’ करतो. “आपला हा धंदा नाई सर, तुमी आपले, म्हणून सांगून राहिलो,” असं कोणी म्हणालं की समजावं, आता दोन टक्के लागणार.

सगळे त्याला भाऊ म्हणतात, आपणही म्हणू. पन्नाशी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल. एक पार्टीसाठी, दुसरा घरच्यांसाठी, आणि घरच्यांचा बहुधा बंद. मोटारसायकलच्या हँडलला रेग्झिनची पिशवी, तिच्यात घड्या पडून पडून फाटायला आलेले ले-आउटचे नकाशे. नकाशा उघडायची जागा म्हणजे चहाची टपरी. दोन कोपऱ्यांवर दोन कप ठेवायचे, तिसऱ्यावर किल्ली, चौथा कोपरा गिऱ्हाइकाने धरायचा. एकदा तो कोपरा हातात धरला की माणूस निम्मा अडकतो, हे भाऊंचं मानसशास्त्र. नकाशावर लाल पेनाच्या फुल्या असतात. “हे सगळे गेले. आता चारच राहिले.” मागच्या दिवाळीत चारच राहिले होते, या दिवाळीतही चारच आहेत. मधल्या काळात विकले गेले ते कोणते, हे विचारणं सभ्यपणाचं नाही.

भाऊंच्या जगात माणसं नसतात, पार्ट्या असतात. पार्टी नरम असते, पार्टी फिरते, पार्टीचा पैसा कापूस निघाल्यावर येतो. पुण्यात नोकरी करणारा पोरगा, आईबापासाठी गावाकडे ‘काहीतरी घेऊन ठेवू’ म्हणतो, ती भाऊंची सगळ्यात लाडकी पार्टी. तो शनिवारी येतो, रविवारी बघतो आणि त्याला चौरस फुटाचा यवतमाळचा भाव ऐकून हसू येतं. भाऊ ते हसू नीट पाहून घेतात आणि भाव तिथल्या तिथे थोडा वाढवतात. निवृत्तीला आलेल्या गुरुजींची पार्टी मात्र अवघड. गुरुजी स्वतः टेप घेऊन येतात.

अंतराच्या बाबतीत भाऊंचं आणि भूगोलाचं कधी जमलं नाही. सगळं काही दत्त चौकापासून दहा मिनिटांवर असतं. आर्णी रोडचं, दारव्हा रोडचं, धामणगाव रोडचं, पांढरकवडा रोडचं, सगळं दहा मिनिटं. लोहारा, वाघापूर, उमरसरा, भोसा ही गावं शहरात मिसळली तरी भाऊंची दहा मिनिटं जागची हलली नाहीत. एकदा एका चिकट गिऱ्हाइकाने घड्याळ लावलं, तर छत्तीस मिनिटं भरली. भाऊ शांतपणे म्हणाले, “तुमी गाडी लयच हळू चालवता ना जी.”

मग येतं ‘येणार’. भाऊ प्लॉट दाखवतात तेव्हा त्यांचा हात प्लॉटकडे नसतोच, दूर कुठेतरी क्षितिजाकडे असतो. तिकडून रेल्वे येणार. तिकडे बायपास. तिकडे मोठी शाळा. एवढं मान्य केलं पाहिजे की यवतमाळात हे बोलणं अगदीच हवेतलं नाही. ब्रिटिश कंपनीच्या मालकीची, मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला बंद पडली आणि जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे उरली नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं नाव अर्थसंकल्पात २००८-०९ मध्ये आलं, तेव्हापासून भाऊंच्या पिढीने त्या रुळांवर किती प्लॉट विकले असतील त्याची मोजदाद नाही. रूळ नव्हते, प्लॉट मात्र स्टेशनजवळचे होते. २०२४ च्या फेब्रुवारीत यवतमाळच्या सभेतून पंतप्रधानांनी वर्धा-कळंब टप्प्याचं उद्‌घाटन केलं, गाडी कळंबपर्यंत खरोखरच आली, आणि भाऊ काही दिवस जरा गोंधळलेले दिसले. जन्मभर सांगितलेली गोष्ट खरी होऊ लागली की माणसाची पंचाईत होतेच. पण सावरले. आता शक्तिपीठ महामार्ग आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलेला हा रस्ता जिल्ह्यातून जाणार, शेतकऱ्यांचा त्याला विरोध, आणि भाऊंकडे त्याचं उत्तर माणूस पाहून. घेणाऱ्याला सांगतात, “अगदी जवळून जाते.” विकणारा विचारतो, आपल्या वावरातून जाईल का? “छे, छे! लांबून जाते.” एकदा दोघंही समोर बसलेले असताना प्रश्न आला. भाऊ म्हणाले, “जवळून जाते, पण अंगावरून जात नाई.”

प्रत्यक्ष जागा पाहायला भाऊ दिवाळीनंतर नेतात. जून ते सप्टेंबर त्यांना नेमकी पाठदुखी असते, कारण काळ्या मातीत पावसाळ्यात मोटारसायकलच काय, बैलगाडीही बसते. आपण पोचतो तेव्हा समोर कपाशीचं वावर असतं. त्यात मध्येच एक भलीमोठी सिमेंटची कमान. कमानीला फाटक नाही, दोन्ही बाजूंना कुंपण नाही, चारी दिशांनी मोकळं रान. तरी भाऊ कमानीतूनच आत नेतात, आणि तिच्याखालून जाताना मोटारसायकल हळू करून आवाजही थोडा खाली आणतात. आत पांढऱ्या चुन्याचे दगड. “हा तुमचा हॉल,” ते एका तुरीच्या झाडाकडे हात करतात. “पूर्वमुखी. वहिनी, इथं तुळस.” वहिनी तूर पाहतात. तूर चांगली आलेली असते.

वहिनी एकच प्रश्न विचारतात, “पाणी?” यवतमाळच्या बाईला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ दाखवला, तेव्हा तिने टँकरच्या रांगेत ड्रम लावून जे शिकायचं ते शिकून घेतलं. भाऊ बेंबळा धरणाचं नाव घेतात. नुसतं नाव घेतलं तरी नळाला पाणी आल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. “बोअर?” “बाजूच्यानं मारली ना. दीडशे फुटाले लागलं.” बाजूचा म्हणजे कोण, हे विचारायला बाजूला पऱ्हाटीशिवाय काही नसतं.

कागदांचं प्रकरण वेगळं. इथे भाऊ एकदम हळू बोलतात. सातबारा, फेरफार, नकाशा, मोजणी सगळं ‘क्लिअर’ असतं. आणि एन.ए., म्हणजे बिगरशेती परवाना? “होऊन राहिलं. फाइल कलेक्टर ऑफिसले हाय.” फाइल तिथे इतकी वर्षं आहे की तिला निवृत्तिवेतन लागू व्हावं. जमीन एन.ए. नसेल तर ते सुचवतात, अकरा जणांनी मिळून एक एकर घ्यायची, सातबाऱ्यावर अकरा नावं चढवायची आणि आपापसांत चुना टाकायचा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, आणि नोंदणी विभागाने २०२१ मध्ये गुंठ्यागुंठ्याच्या खरेदीला चाप लावला तेव्हापासून ही आयडिया भाऊ फक्त ओळखीच्यांना देतात. ओळखीचे सगळेच आहेत, ही अडचण. शहाणी माणसं त्यांना एकच विचारतात, “बँक कर्ज देते का याच्यावर?” बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध अहवाल मागतो, आणि तेवढ्याने भाऊंच्या चार प्लॉटांपैकी तीन आपोआप गळतात. उरलेला चौथा बहुधा चांगला असतो, हे मात्र सांगितलं पाहिजे.

एक काळ होता, कोणीही हे काम करावं. मग २०१६ चा रेरा कायदा आला, २०१७ च्या मे महिन्यापासून महारेरा सुरू झालं आणि मोबदला घेऊन नोंदणीकृत प्रकल्पातल्या व्यवहारासाठी दोन माणसं जोडून देणाराही कायद्याने एजंट ठरला. अशा प्रकल्पांपुरतं तरी ओळखीत करणं संपलं. पुढे तर प्रशिक्षण आणि परीक्षाही आली, आणि २०२४ पासून ते प्रमाणपत्र सक्तीचं झालं. या वयात भाऊ अभ्यासाला बसले. मुलीने रोज रात्री पाठ घेतला. कार्पेट एरिया म्हणजे काय, या प्रश्नाला त्यांनी पहिल्या दिवशी जे उत्तर दिलं ते ऐकून ती उठून गेली म्हणतात. पण पास झाले. प्रमाणपत्र बैठकीत गजानन महाराजांच्या फोटोशेजारी चौकटीत लागलं आहे. ते लागल्यापासून भाऊ दहा मिनिटांच्या जागी ‘साधारण दहा मिनिटं’ म्हणतात.

इतकं हसून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. घर घेण्यात जागा हा भाग सोपा असतो. अवघड असतात ती विकणाऱ्याच्या घरातली माणसं. अंतराच्या बाबतीत भाऊंवर विश्वास ठेवू नये, माणसांच्या बाबतीत डोळे मिटून ठेवावा.

उमरसऱ्याकडचं एक जुनं घर घ्या. कवेलू, पुढे आंगण, मागे विहीर. बाप गेलेला, वारस पाच. दोन भाऊ इथेच, तीन बहिणी दिग्रस, वणी आणि घाटंजीला. घेणारी पार्टी नेमकी टेपवाल्या गुरुजींची. भावांचं म्हणणं, बहिणींचं कशाला, त्या हक्कसोड देतील. भाऊंनी मान हलवली. हिंदू वारसा कायद्यात २००५ ची दुरुस्ती झाल्यापासून, वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा आहे, हे त्यांना वकिलापेक्षा आधी कळलं होतं, कारण त्यांचे तीन सौदे त्याच्यावर आपटले होते. दोघी तयार झाल्या. घाटंजीची अडली. चार वर्षांपूर्वी भाऊबीजेला दोघांपैकी एकही गेला नव्हता.

भाऊ एकटे गेले. पिशवीत नकाशा नव्हता, चिवडा होता. सहीचा विषय काढला नाही. दुपारभर बसले, जेवले, तिने सांगितलेलं सगळं ऐकलं: बापाच्या आजारपणात कोण आलं, कोण नाही आलं, आईच्या पाटल्यांचं काय झालं. निघताना तीच म्हणाली, “सही देतो मी. पण त्या दोघांनी इथं येऊन मागावी.” भाऊ चप्पल घालता घालता म्हणाले, “ताई, हक्कसोड देऊ नका. हिस्सा घ्या. सरळ विक्रीपत्रावर सही करा.”

हे कळल्यावर तिचे दोघं भाऊ खवळले. “तुमी आमचे का तिचे?”

“मी रजिस्ट्रीचा,” भाऊ म्हणाले. “तिनं पुढं कोर्टात अर्ज लावला तर गुरुजींचं पेन्शन जाते, तुमचं काय जाते?”

दोघं घाटंजीला गेले. साडी घेऊन गेले, असं ऐकतो.

रजिस्ट्रीच्या दिवशी भाऊंचा पोशाख लग्नातला असतो. दुय्यम निबंधक कार्यालयात ते सगळ्यांचे ओळखदार. सर्व्हर बंद पडला की लोक भिंतीकडे पाहतात, भाऊ चहा सांगतात. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अंगठा यंत्राला लागेना. जन्मभर कापूस वेचून, वखर धरून अंगठ्याच्या रेषाच झिजल्या होत्या. चार वेळा झालं. ऑपरेटर कंटाळला. भाऊंनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला, आपल्या त्याच लग्नातल्या पँटला पुसला, पुन्हा ठेवला, उमटला. त्या दिवशी ते कोणाशी थट्टा करत नव्हते. वावर विकायला आलेल्या माणसासमोर भाऊ रेल्वेचं नावसुद्धा काढत नाहीत.

आणि मग येतो कमिशनचा प्रसंग. ज्या गुरुजींनी जन्माची पुंजी या माणसाच्या शब्दावर घातली, त्यांना आता दोन टक्के फार वाटू लागतात. ते पाऊण टक्क्यापासून सुरू करतात. “तुम्ही केलं काय, ओळखच तर करून दिली.” घाटंजीच्या दुपारीला भाव नसतो. भाऊ भांडत नाहीत. ते म्हणतात, “द्या जे वाटन ते,” आणि हे वाक्य भांडणापेक्षा महाग पडतं, कारण गुरुजी त्यावर रात्रभर झोपत नाहीत आणि सकाळी सव्वा टक्का घेऊन येतात. भाऊ मोजत नाहीत. निदान समोर तरी.

फेरफार अजून बाकी असतो. त्याच्या नोटिशी, त्याची मुदत, तलाठ्याची गाठ, हे सगळं भाऊ त्याच सव्वा टक्क्यात करून देतात. नगरपरिषदेत घरपट्टीवर नाव चढवून देतात, विजेचं मीटर नावावर करून देतात, विहिरीतला गाळ काढायला माणूस पाठवतात. उरलेल्या पाऊण टक्क्याचा विषय एकदाच निघाला, तोही गुरुजींकडच्या वहिनींनी काढला. त्यांना बरं वाटत नव्हतं.

“राहू द्या ना, वहिनी,” भाऊ म्हणाले. “तुमचा धाकटा भाऊ अमरावतीहून बदलून येऊन राहिला म्हणत होत्या. त्याले कॉर्नरचा पाह्यजे का मधातला?”