फिरतं क्वार्टर

भोपाळमधल्या बरखेड्याच्या टाउनशिपमध्ये संसार करणाऱ्याला घर चालवावं लागत नाही. आमच्या पिढीला तरी नाही लागलं. 1956 साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा वसाहती उभ्या राहिल्या, आणि नळाला पाणी येणं, दिवे लागणं, मोरीतलं पाणी कुठेतरी वाहून जाणं हे सगळं ऋतूंसारखं आपोआप घडत आलं. ‘कुठेतरी’ म्हणजे नेमकं कुठे, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. आमच्या यांची सगळी नोकरी जलविद्युत टर्बाइनच्या विभागात गेली. सेकंदाला किती घनमीटर, याच्या खाली यांनी पाण्याचा कधी विचार केला नव्हता.

अशा माणसाला मुलाने निवृत्तीनंतर स्वीडनच्या उत्तरेला, लुलेओला बोलावलं आणि मोटारहोममध्ये बसवलं. आत शेगडी, फ्रिज, पलंग, संडास, सगळं. फक्त टाकी शंभरेक लिटरची, आणि ‘कुठेतरी’ची सोय आपली आपण करायची. भांड्यांचं पाणी एका टाकीत साठतं, संडासाचं एका चाकांच्या पेटीत. ती पेटी दर दोन दिवसांनी ओढत नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची असते. हे काम कुणाचं, यावर चर्चा झाली नाही. मुलगा गाडी चालवत होता, मी स्वयंपाक करत होते. उरला कोण? पहिल्या दिवशी हे पेटी घेऊन निघाले ते चेहरा इतका गंभीर करून, की समोरून येणाऱ्या एका बाईंनी अदबीने वाट सोडली. पुढे पुढे मात्र यांना त्यात रस वाटायला लागला. पेटी किती भरली हे दाखवणाऱ्या दिव्यावर यांचा विश्वास नव्हता. हे स्वतः अंदाज बांधायचे आणि तो बरोबर आला की दिवसभर खुशीत असायचे. मी तांदूळ तिसऱ्यांदा धुवायला घेतला की मागून खाकरल्याचा आवाज यायचा.

मी भूगोलाची मास्तरीण. माझी खुशी वेगळ्या ठिकाणी होती. भोपाळहून सांचीकडे जाताना रस्त्यावर कर्कवृत्ताची खूण आहे, तिथे मी मुलांच्या सहली नेत असे. हल्ली लोक तिथे सेल्फी काढतात. इकडे योकमोकच्या अलीकडे आर्क्टिक वृत्ताची पाटी आली. पृथ्वी जेवढी कललेली, तेवढ्या अंशांवर कर्कवृत्त. नव्वदातून तेवढे अंश वजा केले की आर्क्टिक वृत्त. एकाच कलण्याची ही दोन टोकं. हा कल सध्या किंचित कमी होत चालला आहे, म्हणून आर्क्टिक वृत्त वर्षाला सुमारे पंधरा मीटर उत्तरेला सरकतं आणि आपलं कर्कवृत्त तेवढंच दक्षिणेला, म्हणजे बरखेड्याच्या दिशेने. पोहोचायला चौदाशेच्या आसपास वर्षं लागतील. हे मी गाडीत सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, परीक्षा संपली.”

योकमोकच्या पुढे लुले नदीवर हार्सप्रोंगेटचं वीज केंद्र आहे. पर्यटकांच्या यादीत ते बहुधा नसतं, पण आमची गाडी थांबली. 1952 साली इथून दक्षिणेकडच्या हाल्सबर्गपर्यंत 380 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली. एवढ्या दाबाची ती जगातली पहिली. हे तारांकडे बघत उभे राहिले, पंढरीला पोहोचल्यासारखे असं मी म्हणणार होते, पण पंढरीला हे इतका वेळ थांबले नव्हते. धबधबे, जंगल, रेनडिअर यांचे फोटो मी काढले. यांच्या फोनमध्ये इन्सुलेटर आहेत.

किरुनाला आम्ही गेलो तेव्हा तिथलं लाल लाकडी चर्च जुन्याच जागी होतं. खालच्या लोहखाणीमुळे जमीन खचते, म्हणून गावच हलवत आहेत. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये ते 1912 सालचं चर्च, सुमारे 672 टनांचं, चाकांच्या तळावर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. तो व्हिडिओ हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मला मात्र तो बघताना एकच प्रश्न पडतो: आतल्या माणसांनी आवरलं कसं असेल? मी तर गाडी सुटताना कपाटाची कडी लावायला विसरले की साबुदाण्याचा डबा पायाशी.

नॉर्वेत शिरल्यावर सूर्य मावळेनासा झाला. दिवेलागण नाही, म्हणून शुभंकरोती नाही, म्हणून जेवणाची वेळ नाही. त्यात संकष्टी आली. उन्हाळ्यात तिकडे सूर्य जितका वर, पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र तितका खाली. जूनचा पूर्ण चंद्र तर क्षितिजावर येतच नाही, आणि चतुर्थीचा आला तरी डोंगराआडून आडवा निघून जातो. त्याची वाट बघत बसले असते तर उपास नवमीपर्यंत गेला असता. मी भोपाळचा चंद्रोदय धरला. साडेतीन तासांच्या फरकाने नॉर्वेत संध्याकाळी सातच्या सुमारासच पान वाढलं. गणपतीला आमचा पत्ता बरखेड्याचाच माहीत आहे.

नोर्डकापला, 71 अंशांच्या पुढे, समुद्रावर तीनशे मीटर उंच कड्याच्या मागे मैदानभर मोटारहोम उभी होती. दाराबाहेर खुर्च्या, वाळत घातलेले टॉवेल, शेजारी काय शिजतंय याची चौकशी. दोन तासांत वसाहत. बहुतेक गाड्या नव्या, पण शेजारच्या जर्मन आजोबांची जुनी मर्सिडीज बघून हे ओरडलेच, “अरे, ही तर आपली ट्रॅव्हलर!” खरंच तिचीच थोरली बहीण. इंदूरजवळच्या पीथमपुरात बनणारी टेम्पो ट्रॅव्हलर याच मर्सिडीजवरून आली. आपण तिच्यात वऱ्हाड कोंबून पचमढीला नेतो, त्यांनी तिच्यात पलंग टाकला.

आजोबांनी कुठून आलात विचारलं. भोपाळ म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. 1984ची वायुगळती सगळ्यांना माहीत असते. यांनी एक क्षण मान हलवली, मग पीथमपूर सांगायला घेतलं, हातवारे करून. थोड्या वेळाने चार पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसले. मी कुकरमध्ये एक वाटी तांदूळ वाढवला आणि हाक मारली. “पाचच मिनिटं,” खालून आवाज आला. घड्याळात रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते, आणि ऊन डोळ्यांवर येत होतं.