भांडणापुरती समजूत

एकमेकांचं बोलणं न कळल्यामुळे माणसं भांडतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी संध्याकाळी आमच्या उस्मानपुऱ्यात पीर बाजाराशी थोडं थांबावं.

"शहागंज जाना है, पण मीटर टाका," पिशवी सावरत काकू म्हणतात.

"मीटर बंद है काकू, अस्सी दे देना."

"ऐंशी? विमानाने नेतोस का रे?"

"गॅस का भाव तो देखो!"

काकूंची हिंदी पहिल्या वाक्यातच दमलेली, रिक्षावाला त्याच्या दखनीतून तसूभर हलायला तयार नाही. तरी दुभाष्या कुणालाच लागत नाही. साठावर जमतं तेव्हा तो म्हणतो "बसा" आणि काकू म्हणतात "चलो".

या भांडणाला केवढी सहमती लागते बघा. शहागंज कुठं आहे, ऐंशी म्हणजे किती, विमान इथे येणार नाही, आणि "मीटर बंद है" हे मीटरविषयीचं विधानच नाही, हे सगळं दोघांना आधीपासून मान्य आहे. मतभेद काय तो वीस रुपयांचा.

अर्थ नेमका राहतो कुठं, यावर आपल्याकडे जुन्या मीमांसक पंडितांनी कडाक्याचा वाद घातला. कुमारिल भट्ट म्हणाले, आधी शब्दांचे अर्थ कळतात, मग त्यांची सांगड बसते. प्रभाकर म्हणाले, सुटा शब्द काही सांगतच नाही. वाक्यात जोडला गेला तरच बोलतो. त्यांच्या दाखल्यातलं मूल भाषा कसं शिकतं? म्हातारा म्हणतो "गाय आण", तरुण गाय आणतो, मूल बघत बसतं. आमच्या टपरीवर गाय नाही, पण "दो में तीन" अशी आरोळी येते आणि दोन चहा तीन ग्लासांत येतात. नवा पोऱ्या ते दोनदा बघतो, तिसऱ्यांदा स्वतः ओततो. गणिताच्या मास्तरांनी मात्र इथे बसू नये. माझं मत, अर्थात, प्रभाकरांना.

उस्मानपुऱ्यातल्या नाट्यगृहाला संत एकनाथांचं नाव आहे, ते मला या कारणासाठी फार योग्य वाटतं. पैठणच्या नाथांनी (१५३३–१५९९) 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात तुर्क हिंदुस्तानीत बोलतो, हिंदू मराठीत उत्तर देतो. एकमेकांच्या देवाधर्माची अशी काही उणीदुणी काढतात की आज कुणी रंगमंचावर आणायचं म्हटलं तर आधी वकील गाठावा लागेल. पण "तू काय म्हणालास, कळलं नाही" असं दोघांपैकी एकही म्हणत नाही. टोमणा लागायला समोरच्याचं घर आतून माहीत असावं लागतं. शेवटी ते एकमेकांना मिठी मारतात. मला मिठीपेक्षा मधला भाग जास्त खरा वाटतो. नाथांनाही तो आवडला असावा, कारण त्यांनी दोघांना मनसोक्त भांडू दिलंय, मध्ये कुणी समजूत घालायला येत नाही.