कायद्याने पाडलेला भांग

नोएडात आमच्या सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर भांग आपोआप उगवते. पेरत कोणी नाही, पाणी घालत कोणी नाही. पोलिसांची जीप रोज शेजारून जाते.

जातच राहते.

नोव्हेंबर 2024 मध्ये पलीकडच्या ग्रेटर नोएडात एका फ्लॅटमध्ये हीच वनस्पती कुंड्यांत सापडली. वर खास दिवे, आत एसी. माळीबुवांना अटक. तुळशीत भांग उगवली तर घराण्याची अब्रू जाते, कुंडीत उगवली तर जामीन.

झाड एकच ना? नाव एकच. आतला माल वेगळा. सीबीजीए नावाच्या एकाच आम्लापासून हे झाड कधी टीएचसीकडे वळते, कधी सीबीडीकडे. पहिले डोके फिरवते, दुसरे फिरवत नाही. कोणते किती, हे आधी बियाण्याच्या वंशावर ठरते. एकाच झाडावरही बीमध्ये टीएचसी जवळपास नाहीच, पानात थोडे आणि मादी फुलोऱ्यावरच्या चिकट ग्रंथींत भरभरून. नर झाडाला इथे कोणी विचारत नाही. (कुठेतरी न्याय आहे.)

झाडाला कायदा वाचता येत नाही, मान्य. कायद्याला झाड वाचता येते का?

अमली पदार्थांबाबतचा 1985 चा एनडीपीएस कायदा म्हणतो, सुटे पान ते गांजा नव्हे. फुलोऱ्याला चिकटलेले पान मात्र गांजा. एकाच फांदीचा मधोमध भांग पाडला. तेल लावून, चापूनचोपून.

पुढे वजनकाटा. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प', 20 किलोच्या वर 'व्यापारी', म्हणजे किमान दहा वर्षे आत. त्यात टीएचसी किती? विचारू नका. उकिरड्यावरचा फुसका फुलोरा आणि एसीतला लाडावलेला, दोघे काट्यावर सारखे. दारूच्या बाटलीवर टक्के छापायला लावणारे सरकार इथे कांदेबटाट्याचा तराजू काढते.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हेही सांगितले की अमली पदार्थात बिननशेचे काही मिसळले असेल, तर वजन सगळ्या मिश्रणाचे धरायचे. भेसळीला इतकी कडक शिक्षा! आमच्या दूधवाल्याला हा निकाल कोणीतरी वाचून दाखवा.

मोजताच येत नाही म्हणावे, तर तसेही नाही. अन्नसुरक्षा बघणाऱ्या दिल्लीतल्या एफएसएसएआयने 2021 मध्ये भांगबियांना खाद्य म्हणून परवानगी दिली आणि अट घातली, किलोमागे टीएचसी पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लाडू मिलिग्रॅमने, माणूस किलोने.

उत्तराखंडाने 2018 पासून धाग्याच्या भांगशेतीला रेघ आखली: टीएचसी 0.3 टक्के. ही रेघ मूळची अर्नेस्ट स्मॉल या कॅनडातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाची, 1976 सालची. वर्गीकरणाच्या सोयीसाठी त्याने ती आपल्या मनाने ओढली होती आणि तसे सांगूनही टाकले होते. आता 0.29 वाला प्रगतशील शेतकरी, 0.31 वाला आरोपी.

गाझियाबादला एम्सचे व्यसनोपचार केंद्र आहे. त्याच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालात पानांची भांग घेणारे सुमारे 2.2 कोटी, गांजा-चरसवाले 1.3 कोटी. बहुसंख्य जनता भांगाच्या बरोबर योग्य बाजूला उभी आहे.

परवा त्या प्लॉटवर एक बकरी चरत होती. आधी पाने खाल्ली, मग फुलोरा. मधे कलम बदलले, तिला कळलेही नाही.