अभिनय, वजन करून

आमच्याकडे अभिनय किलोत मोजतात. ‘दंगल’साठी आमिर खानने वजन वाढवलं आणि पुन्हा उतरवलं, तेव्हापासून तर हे माप सरकारमान्य झाल्यासारखंच आहे. सिनेमा सुटला, की पायऱ्या उतरताना पहिला प्रश्न हाच: ‘किती किलो वाढवलं म्हणे?’ वाढवलं असेल तर अभिनय. घटवलं असेल तर जबरदस्त अभिनय. दोन्ही केलं असेल तर राष्ट्रीय पुरस्कार पक्काच होता, पण लॉबी आडवी आली. आणि एखादा गडी आहे त्याच वजनात उभा राहिला, नुसती मान वळवून सगळं सांगून गेला, तर? ‘ठीक होता. त्याला तसा स्कोपच नव्हता.’

वजनाखालोखाल माप म्हणजे दिसणं. सुबोध भावे २०११मध्ये बालगंधर्व झाले, २०१५मध्ये लोकमान्य, २०१८मध्ये काशिनाथ घाणेकर. दर वेळी दाद एकच: ‘सेम टू सेम!’ ‘बालगंधर्व’च्या वेळी तिला जोड मिळाली: ‘काय दिसलाय आणि काय गायलाय!’ दिल्लीच्या परीक्षकांनी ही दाद जणू शब्दशः मनावर घेतली. दिसण्याचा राष्ट्रीय पुरस्कार रंगभूषाकार विक्रम गायकवाडांना दिला आणि गाण्याचा आनंद भाटेंना. चेहरा एकाने घडवला, गळा दुसऱ्याने दिला. मग मधल्या माणसाने नेमकं केलं काय? पुरुषाने शालू नेसून वावरायचं आणि प्रेक्षागृहात एकालाही हसू फुटू द्यायचं नाही, हे कसं साधतं? बोलण्यासारखा विषय होता. पण तोवर आम्ही पार्किंगची पावती शोधत होतो.

तिसरं माप तुलनेचं. ‘नटसम्राट’ नाटक १९७०चं. अप्पासाहेब बेलवलकर आधी श्रीराम लागूंनी उभे केले, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी अशा मातब्बरांनी. २०१६च्या एक जानेवारीला नाना पाटेकरांचा सिनेमा लागला आणि महाराष्ट्रात लागूंचा प्रयोग पाहिलेल्यांची संख्या रातोरात वाढली. तिशीतला तरुण मान हलवत म्हणाला, ‘लागूंची सर नाही.’ त्याची जन्मतारीख विचारायची नसते. शेजारच्या काकांनी लगेच वरचा पत्ता टाकला: ‘लागू बरेच होते हो, पण दत्ता भट बघायला हवे होते तुम्ही!’ आणखी पाच मिनिटं थांबलं असतं, तर ‘किंग लिअर’चा लंडनमधला पहिला प्रयोग पाहिलेलेही कोणी भेटले असते. एवढ्या चर्चेत नानांनी काय केलं, तेवढं सोडून सगळं कळलं.

पण खरी पंचाईत होते ती अभिनय दिसतच नाही तेव्हा. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ला २०१५मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यातले शाहीर झालेले वीरा साथीदार मूळचे चळवळीतले कार्यकर्ते. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कोर्टात कायद्याची कलमं वाचते, लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. हे पाहून एका रसिकाने नोंदवलेली तक्रार मला भारतीय समीक्षेतला मानबिंदू वाटते: ‘अ‍ॅक्टिंग कुठेय यात? सगळी खरीच माणसं वाटतात!’ डोळ्यांत पाणी नाही, कपाळाची शीर तटतटत नाही, भिंतीवर डोकं आपटणं नाही. तिकिटाचे पैसे दिल्यावर घाम तरी गाळून दाखवायला नको? आपण मजुरी मोजणारी माणसं. कष्ट दिसले नाहीत तर दाम कशाचं?

बरं झालं, दादासाहेब फाळक्यांच्या काळात आम्ही नव्हतो. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या. आम्ही असतो तर बाहेर येऊन निकाल दिला असता: ‘राम ठीकठाक, सीता ओव्हर. पण दोघांची केमिस्ट्री मस्त!’

याला जोडून एक कायमचा निकाल असतो, तो सिनेमा न बघताही देता येतो: ‘फर्स्ट हाफ चांगला, सेकंड हाफ ताणलाय.’ सेकंड हाफमध्ये या परीक्षकाच्या हातात पॉपकॉर्न नसतं, फोन असतो. त्याच फोनवरून तो ‘मराठी सिनेमा जगला पाहिजे’ असा मजकूर पुढे ढकलतो आणि पुढचा मराठी सिनेमा लागला, की म्हणतो, ‘ओटीटीवर येईलच की.’

पूर्वीचे प्रेक्षक यापेक्षा अडाणी होते. त्यांना ‘निगेटिव्ह शेड्स’ हा शब्द माहीत नव्हता. निळू फुले एखाद्या गावात गेले, की बाया त्यांना तोंडावर शिव्या घालत, असं सांगतात. राष्ट्र सेवा दलात घडलेला हा सौम्य, वाचणारा माणूस. आणि त्या त्याला खरोखरीचा बदमाश समजत. त्यासाठी फुल्यांनी किती किलो वाढवले होते? काहीच नाही. एक बेरकी नजर, आवाजातली थंड लाडीगोडी आणि योग्य जागी घेतलेला विराम. आज आम्ही म्हणू, ‘काय नेगेटिव्ह कॅरेक्टर पकडलंय!’ आणि शांतपणे सामोसा खाऊ. त्या बायांच्या घशाखाली सामोसा उतरला नसता.

तेव्हा होतकरू नटांना माझा सल्ला आहे. आवाज, चाल, विराम असल्या न दिसणाऱ्या गोष्टींत उमेदीची वर्षं घालवू नका. टक्कल करा आणि त्याचा व्हिडिओ काढा. बर्फाच्या पाण्यात बसा, तोही काढा. ऑडिशनला जाताना संवाद पाठ नसले तरी चालतील, वजनाची पावती मात्र न्या. रेल्वे स्टेशनवर पूर्वी रंगीत दिवे लुकलुकणारी वजनाची मशीन असायची. नाणं टाकलं, की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट पडे: एका बाजूला सिनेनटाचा फोटो, दुसऱ्या बाजूला किलो आणि खाली दोन ओळींत भविष्य. मराठी माणसाला लागणारी सगळी समीक्षा त्यात यायची, आणि सेकंड हाफ अजिबात ताणलेला नसायचा.